जीर्णोद्धार आणि अस्सलपणा : एका मोटारीच्या निमित्ताने

जुनी, नामांकित स्पोर्ट्स कार ज्याच्या पदरी असते, त्याला आज ना उद्या एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. कारखान्यातून ती जशी बाहेर पडली तशीच तिला जपावी, की काळाप्रमाणे तिच्यात फेरफार करावेत? हौशी मंडळींत यावरून दोन तट पडले आहेत. एका पक्षाला मूळचा खिळादेखील पूज्य वाटतो. धावण्यासाठी घडलेली वस्तू धावेनाशी झाली म्हणजे तिचे प्रयोजनच संपले, असे दुसरा पक्ष म्हणतो. या वादाचा निर्णय करू पाहणाऱ्याने 1990 साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी दिलेला निकाल अवश्य विचारात घ्यावा. तो वाचीत असता आपल्या देवस्थानांच्या जीर्णोद्धाराची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

खटला होता ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटली मोटारीचा. साडेसहा लिटर एंजिनाच्या या ‘स्पीड सिक्स’ने 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली, दोन्ही खेपेस चालकांत वूल्फ बार्नाटो होते. 1931 साली ब्रुकलँड्सची 500 मैलांची शर्यतही तिनेच मारली. पुढच्या वर्षी आठ लिटरचे एंजिन बसवून ती त्याच शर्यतीत उतरली, आणि उतरणीच्या धावपट्टीच्या माथ्यावरून बाहेर फेकली जाऊन चालक क्लाइव्ह डन्फी प्राणास मुकले. मोडलेली मोटार बार्नाटोंसाठी पुन्हा बांधण्यात आली. अनेक वर्षांनी तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, तेव्हा ही ती मोटारच नव्हे, असे म्हणून खरेदीदार मागे हटला.

न्यायमूर्तींनी एकेक भाग तपासून घेतला. ज्यांचा काळ ठरवता येत नाही असे किरकोळ जोडसामान वगळता 1929 च्या मोटारीतले काहीही शिल्लक नव्हते. 1930 च्या मोटारीतले उरले होते ते पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टीअरिंगचा दांडा एवढेच. तरीही त्यांनी निर्णय दिला की, ही नक्कल नव्हे. तिच्या इतिहासात कोठेही खंड पडलेला नाही, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव तिचेच होय. विक्रेता जिंकला.

हा निकाल आपल्याला विचित्र वाटू नये. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. 1560 साली भक्तांनी लिंग तेथून नदीपार प्रियोळास आणले. गाव बदलला, भिंती बदलल्या, शिखर नव्याने उभे राहिले; पण हा मंगेश निराळा, असे कोणी म्हणाले नाही. पूजा अखंड राहिली आणि तिनेच ओळख राखली. शर्यतीच्या मोटारीचेही असेच आहे. प्रत्येक शर्यतीनंतर तिचे भाग बदलत, आणि ते बदलणे हाच तिचा धर्म होता. कारखान्यातून निघालेल्या दिवशी तिला गोठवू पाहणारा पक्ष येथे चुकतो.

परंतु हा दृष्टान्त एका मर्यादेपुढे नेता येत नाही, आणि निकालाचे उणेही तेथेच दिसते. त्याने नावाचा प्रश्न सोडविला. वस्तूचा सोडविला नाही. मंदिरातले कोरीव लाकडी खांब उपटून सिमेंटचे उभे केले, तर देव तोच राहतो, हे खरे. पण ज्या सुताराने ते खांब कोरले त्याच्या हाताची साक्ष कायमची पुसली जाते. मोटारीला तर देवत्वही नाही, की जे कलशात आवाहन करून नव्या मूर्तीत प्रतिष्ठित करावे. तिच्यापाशी आहे ते नाव आणि धातू एवढेच. केवळ नावावर भिस्त ठेवली, तर उद्या कोणीही मालक धातू भंगारात घालील आणि कागद पुढे करील.

म्हणून आमच्या मते कसोटी वेगळी हवी : केलेला बदल मागे फिरवता येतो काय? 1961 साली जिनिव्हा येथे प्रथम दाखविलेल्या जॅग्वार ई-टाइपचे उदाहरण घ्या. तिच्या आरंभीच्या मोटारींतील चार गतींच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर हाताळण्यास अवघड असे. मालकाने तेथे पाच गतींचा गिअरबॉक्स बसविला आणि जुना तेल लावून, चिठ्ठी बांधून पेटीत ठेवला, तर त्याने काहीच गमावले नाही. उलट मोटार रस्त्यावर राहिली. पण रुंद चाके मावावीत म्हणून त्याने मडगार्डाचा पत्राच कापला, तर तो पत्रा पुन्हा तोच होणे नाही. ई-टाइप सत्तर हजारांहून अधिक निघाल्या. त्यांत एखादीला बदलाचा अपराध पोटात घालता येईल. ज्या जातीच्या मोजक्याच मोटारी उरल्या, आणि त्यांतही एखादीच अस्पर्श राहिली, तिला मात्र हात लावण्याचा अधिकार कोणाच्याही मालकीतून उत्पन्न होत नाही.

मालक हा अखेर वहिवाटदार. आपल्या देवस्थानांचे महाजन हे जाणतात, निदान त्यांनी जाणावे. पुढच्या पिढीला जे परत बदलता येईल तेवढेच आपण बदलावे, आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.