तारनाक्याचा तळमजला

हैदराबादच्या तारनाक्यात गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या बहुतेक इमारतींच्या तळमजल्यावर माणसं राहत नाहीत, तिथे गाड्या उभ्या असतात. वर चार-पाच मजले, खाली स्टिल्ट, कोपऱ्यात वॉचमनची खोली आणि पाण्याचा पंप. शेजारी एखादं जुनं घर अजून टिकून असतं. पुढे व्हरांडा, फाटकाशी आंबा किंवा नारळ, आणि बाहेरूनच गच्चीवर जाणारा जिना. शहरी घरबांधणीची कला आज कुठे येऊन पोचली आहे, हे या दोन घरांमध्ये स्पष्ट दिसतं.

उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झालं आणि पुढे याच भागात त्याचं विस्तीर्ण आवार उभं राहिलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तोवर औरंगाबाद, नांदेड, परभणीची मुलं शिकायला इकडेच येत. विद्यापीठाभोवती मग राष्ट्रीय पोषण संस्था, भूभौतिकी आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आल्या. लालागुड्याची रेल्वे वसाहत जवळच होती. प्राध्यापक, शास्त्रज्ञ, रेल्वेचे नोकरदार यांनी दोनशे-तीनशे गजांचे प्लॉट घेतले आणि पगाराच्या बेताने घरं बांधली. आधी दोन खोल्या, मग स्वयंपाकघर. मुलाचं लग्न ठरलं की वरचा मजला, मुलं परगावी गेली की तोच मजला भाड्याने. बाहेरच्या जिन्यामुळे हे सगळं विनासायास जमे.

वास्तुरचनाशास्त्राने या शहाणपणाला बऱ्याच उशिरा सिद्धान्ताचं रूप दिलं. डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ साली मांडलं, की इमारतीचा सांगाडा सगळ्यांचा आणि टिकाऊ असावा, आतली रचना मात्र राहणाऱ्याच्या हातात असावी. भारतात हा विचार सर्वांत धीटपणे अमलात आणला तो बाळकृष्ण दोशी यांनी, इंदूरच्या अरण्य वसाहतीत. तिथे गरिबांना पूर्ण घर न देता प्लॉट, जोतं, पाणी-संडासाची सोय आणि एखादी खोली दिली. पुढचं ज्याचं त्याने बांधलं. १९९५ साली या वसाहतीला आगाखान पुरस्कार मिळाला.

नवी मुंबईत, बेलापूरला, चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात वेगळी मांडणी केली. सात घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचं अंगण. असे तीन गट मिळून एक मोठं अंगण. एकाही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागलेली नाही, म्हणजे प्रत्येकाला आपलं घर हवं तसं वाढवता यावं. आज तिथली बरीच मूळ कौलारू घरं पाडून लोकांनी बंगले बांधले आहेत, आणि अभ्यासक त्याबद्दल हळहळतात. ही हळहळ अस्थानी आहे. घरं बदलावीत, हाच कोरियांचा हेतू होता. पाहण्याजोगी गोष्ट ही, की घरं बदलली तरी सात घरांमधल्या अंगणांची मांडणी अजून वाचता येते.

पुण्याच्या येरवड्यातला प्रयोग त्याहून अवघड होता, कारण तिथे वस्ती आधीच होती. वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांचं कार्यालय आणि स्पार्क व महिला मिलन या संस्थांनी सरकारी योजनेतून फक्त कच्ची घरं पाडली आणि त्याच जागेवर सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली. गल्ली तीच राहिली, शेजारही तोच. दहा टक्के खर्च कुटुंबांनी उचलला. गल्लीतल्या बायकांनी नकाशांवर आपलं म्हणणं मांडलं, आणि अशी बैठक कुठल्याही टॉवरच्या संगणकचित्रांपेक्षा मोलाची असते.

याउलट मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास. शंभर वर्षांपूर्वीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी आता ५०० चौरस फुटांचं घर मिळतं. घरात संडास असणं हा माणसाचा हक्क आहे आणि त्याविषयी वाद नाही. प्रश्न गॅलरीचा आहे. चाळीत लहान मुलांवर लक्ष ठेवणं, आजाऱ्याला चहा नेऊन देणं, उत्सवाची वर्गणी गोळा करणं हे सगळं त्या सामायिक गॅलरीतून होई. चाळीस मजली इमारतीतला बंद कॉरिडॉर हे काम करू शकत नाही.

तेलंगणातही हीच दोन टोकं आहेत. तारनाक्यापासून फार दूर नसलेल्या सिकंदराबादच्या आयडीएच कॉलनीत २०१५ साली जुन्या वस्तीच्या जागीच ३९६ घरांच्या ठेंगण्या इमारती झाल्या. २०२३ साली कोल्लूरला एकाच ठिकाणी १५,६६० घरांचं संकुल उभं राहिलं, तेही शहराच्या बाहेरच्या अंगाला. संख्येचा पराक्रम मोठा आहे, पण शहरात धुणीभांडी करणाऱ्या बाईचा बसचा वेळ त्या हिशेबात धरलेला नाही.

तारनाक्यात सरकारी योजना नाहीत. तिथे जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातला करार शहर घडवतो: मालकाची जमीन, बिल्डरचा पैसा, फ्लॅट वाटून. हैदराबादने २००६ साली चटईक्षेत्राची मर्यादा काढली. उंची ठरते ती रस्त्याच्या रुंदीवरून आणि चारही बाजूंना सोडलेल्या जागेवरून. लहान प्लॉटवर या सोडलेल्या जागेच्या अरुंद पट्ट्या होतात. तिथे पाइप असतात, एसीचं पाणी ठिबकतं, मूल खेळू शकत नाही. बतुकम्मा या तेलंगणातल्या सणाचा खेळ खेळायला बायकांना गोल फेर धरता येईल एवढी जागा लागते. म्हणून त्या दिवसांत स्टिल्टमधल्या गाड्या बाहेर काढतात किंवा खेळ रस्त्यावर येतो. गणपतीतही तेच. लोकांना एकत्र यायचं आहे, आणि आराखड्यात त्यासाठी जागा नाही.

पर्यावरणाची बाजू याच शहरात अभिमानाने मांडली जाते. सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर ही अमेरिकेबाहेरची ‘लीड प्लॅटिनम’ हे हरित इमारतींचं मानांकन मिळवणारी पहिली इमारत हैदराबादचीच. २०२३ साली राज्याने उष्णता परावर्तित करणाऱ्या छतांचं धोरणही आणलं. तरीही चाळीस वर्षांचं धडधाकट घर पाडताना जो सिमेंट-विटांचा ढीग निघतो, त्याची मोजदाद कुठल्या मानांकनात ठळकपणे होत नाही. शिवाय बऱ्याच नव्या टॉवरांत विटांच्या जागी ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात. काम झपाट्याने होतं, पण भार पेलणारी ती भिंत पुढे कुणाला हलवता येत नाही. उद्या आजीसाठी खोली वेगळी काढायची, तर करायचं काय?

महाराष्ट्राने २०१९ साली गृहनिर्माण संस्थांच्या स्वयंपुनर्विकासाला धोरणाचं बळ दिलं, म्हणजे रहिवाशांनीच बिल्डरच्या जागी उभं राहायचं. तारनाक्याला साजेसा मार्ग याच दिशेने निघू शकतो. लगतच्या तीन-चार मालकांनी प्लॉट जोडले, तर मधल्या कुंपणालगतच्या पट्ट्यांची जमीन एकत्र होऊन एक खरं अंगण निघतं. त्याच्याखाली शोषखड्डा, कडेला गाड्यांची मोजकी जागा, तळमजल्यावर म्हाताऱ्यांची घरं आणि एखादं पाळणाघर, वर हलवता येतील अशा भिंतींचे मजले. रस्त्याच्या टोकाला मेट्रोचं स्थानक आहे, त्यामुळे प्रत्येक फ्लॅटमागे गाडीची जागा असलीच पाहिजे हा आग्रह सैल करायला तारनाक्याइतकी योग्य जागा शहरात थोडी. त्यासाठी महापालिकेने जोडलेल्या प्लॉटना आतल्या हद्दींवरचं अंतर माफ करावं आणि त्या बदल्यात अंगण सक्तीचं करावं.