गोलघुमटातील नाद : वास्तुसमीक्षेच्या अंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

विजापूरच्या गोलघुमटाविषयी जे लिहिले व सांगितले जाते, त्यात दोन गोष्टी हटकून येतात. एक म्हणजे घुमटाचा प्रचंड आकार आणि दुसरी म्हणजे तेथे उमटणाऱ्या प्रतिध्वनींची संख्या. ही संख्या कोठे सात, कोठे दहा, तर कोठे अकरा अशी दिली जाते. त्यानंतर 'ध्वनिशास्त्राचा चमत्कार' असा निर्वाळा देऊन विवेचन थांबते. समीक्षेच्या दृष्टीने 'चमत्कार' हा शब्द अडचणीचा आहे, कारण तो उच्चारला की कारणे शोधण्याची गरज उरत नाही. गोलघुमटातील नाद हा त्या वास्तूचा घटक मानावयाचा झाल्यास तो कशाने उत्पन्न होतो, कोठे ऐकू येतो आणि वास्तूच्या प्रयोजनाशी त्याचे नाते काय, हे तीन प्रश्न विचारणे भाग आहे. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या आधारे त्या नादाची चिकित्सा केली आहे.

वास्तूचे स्वरूप

गोलघुमट ही मुहंमद आदिलशहाची (कारकीर्द १६२७ ते १६५६) कबर होय. आतील दालन चौरस असून त्याची प्रत्येक बाजू सुमारे ४१ मीटर आहे. परस्परांना छेदणाऱ्या आठ कमानींच्या योगे हा चौरस वर जाताना वर्तुळाकडे वळविला आहे आणि त्यावर सुमारे ३८ मीटर अंतर्व्यासाचा घुमट बसविला आहे. एकाच घुमटाखाली झाकलेल्या क्षेत्राचा विचार करता ही वास्तू रोमच्या पँथिऑनलाही मागे टाकते, याकडे एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी लक्ष वेधले होते. घुमटाच्या पायथ्याशी, जमिनीपासून सुमारे ३३ मीटर उंचीवर, आतून वर्तुळाकार सज्जा फिरतो. कोपऱ्यांतील मनोऱ्यांच्या जिन्यांनी वर जाऊन तेथे प्रवेश करता येतो. गोलघुमटाची ख्याती ज्या नादावर उभी आहे, तो याच सज्जात ऐकू येतो.

तीन घटना, एक शब्द

'प्रतिध्वनी' या एकाच शब्दाखाली येथे तीन भिन्न घटना एकत्र केल्या जातात.

पहिली घटना कुजबुजीची. भिंतीलगत हळू आवाजात उच्चारलेले शब्द समोरच्या टोकाला भिंतीशी कान नेला असता स्पष्ट ऐकू येतात. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील अशाच सज्जाविषयी जॉर्ज एअरी यांचे मत असे होते की, घुमटाच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला ध्वनी समोरच्या बिंदूत एकवटतो. लॉर्ड रॅले यांनी हे मत नाकारले. कुजबुज केवळ समोरच्या बिंदूपाशी नव्हे, तर भिंतीच्या कडेने सर्वत्र ऐकू येते, हे त्यांचे निरीक्षण होते. ध्वनी अंतर्वक्र भिंतीला धरून, तिच्यालगतच्या अरुंद पट्ट्यातून पुढे सरकतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९१० मध्ये त्याची गणिती मांडणी केली. मोकळ्या जागेत ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. येथे तो पट्ट्यात कोंडला गेल्याने ती बरीच सावकाश घटते. तरंगलांबी जितकी कमी, तितका हा पट्टा अरुंद असतो. कुजबुजीत उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रामुख्याने असतात, म्हणून भिंत तिला अधिक चांगले वाहून नेते.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये सेंट पॉलच्या सज्जात सदरलँड यांच्यासह प्रयोग केले. भिंतीपासून दूर जाताना ध्वनीची तीव्रता सरळ न घटता कमीअधिक होत जाते, असे त्यांना आढळले. पुढे रामन यांनी भारतातील अशा सज्जांचाही अभ्यास केला व त्यात गोलघुमटाचा समावेश होता.

दुसरी घटना टाळीच्या पुनरावृत्तीची. व्यास ३८ मीटर धरल्यास ध्वनीला समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परतण्यास सुमारे ७६ मीटर अंतर कापावे लागते आणि त्यास ०.२२ सेकंद लागतो. हे अंतर कानाला दोन आवाज वेगळे जाणवण्याइतके पुरेसे आहे. किती पुनरावृत्ती मोजता येतील हे मूळ आवाजाच्या जोरावर, भोवतालच्या शांततेवर आणि ऐकणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. सात, दहा की अकरा हा वाद म्हणूनच निरर्थक ठरतो. ती संख्या इमारतीचा गुणधर्म नसून त्या त्या वेळच्या ऐकण्याचा हिशेब आहे.

तिसरी घटना अनुरणनाची. प्रचंड पोकळी आणि कठीण पृष्ठभाग यांमुळे सर्व परावर्तने एकमेकांत मिसळून आवाज बराच काळ रेंगाळतो. पहिल्या घटनेत शब्द टिकतो, दुसरीत तो पुन्हा पुन्हा येतो, तर तिसरीत तो विरघळतो. परस्परविरोधी परिणाम घडविणाऱ्या या घटनांना एकच नाव देणे हा वर्णनातील मूलभूत दोष आहे.

हेतूचा प्रश्न

आदिलशाही स्थपतींनी हा नाद योजनापूर्वक साधला, असे विधान वारंवार केले जाते. परिणाम दिसला म्हणून हेतू होता, असे मानणे हा तर्कदोष आहे. पाटण्याचे गोलघर येथे उद्बोधक ठरते. १७७० च्या दुष्काळानंतर धान्यसाठ्यासाठी उभारलेली ही वास्तू कॅप्टन जॉन गार्स्टिन यांनी १७८६ मध्ये पूर्ण केली. तिच्या आतही आवाज विलक्षण घुमतो, परंतु धान्याच्या कोठाराला प्रतिध्वनीचे प्रयोजन असू शकत नाही. तेथील नाद ही भूमितीची देणगी आहे. गोलघुमटाबाबत निराळे मानण्यास स्वतंत्र पुरावा हवा.

यावरून स्थपतीचे श्रेय उणावते असे नाही. चौरसावर एवढा घुमट तोलून धरणे आणि त्याची वक्रता इतकी सुबक राखणे हेच त्याचे कर्तृत्व होय. वक्रता ओबडधोबड असती, तर ध्वनी विखुरला असता. नाद हा येथे कारागिरीचा हेतू नसला, तरी तिची साक्ष निश्चितच आहे.

खालची वास्तू, वरची वास्तू

येथे एका उपेक्षित गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. घुमट अर्धगोलाच्या जवळचा आहे आणि त्याचा वक्रतामध्य साधारणतः सज्जाच्या पातळीवर येतो. जमिनीवरून वर गेलेला ध्वनी परावर्तित होऊन एकवटतो तो सज्जाच्याही वर, सुमारे ७ मीटर उंचीवर, म्हणजे जेथे कोणाचाही कान नाही अशा पोकळीत. कबरीशेजारी उभ्या असलेल्या माणसापर्यंत तो विखुरलेल्या, रेंगाळणाऱ्या स्वरूपात उतरतो. याचा अर्थ, नादाच्या दृष्टीने ही एक वास्तू नसून दोन आहेत. खालची वास्तू शब्द पुसट करते, तर वरची तो नेमकेपणाने पोचविते. खाली उच्चारलेली प्रार्थना अनुरणनात विरते आणि वर सहज पुटपुटलेले वाक्य अर्धे वर्तुळ फिरून परक्या कानी पडते. मृत्यूच्या स्मारकात, कबरीच्या पातळीवर, शब्दांची धार बोथट व्हावी हे औचित्याला धरूनच आहे.

गोलघुमटाच्या प्रचलित वर्णनांत मात्र ही खालची वास्तू जवळजवळ अनुपस्थित आहे. सुलतान आणि त्याचे आप्त जेथे चिरविश्रांती घेत आहेत, तेथे केवळ सज्जातील आरोळ्यांची मोजदाद उरते. शिवाय आरोळीने कुजबुज झाकली जाते. या सज्जाचा सर्वांत दुर्मीळ गुण सर्वांत क्षीण आवाजात प्रकट होतो आणि संख्येच्या हव्यासात नेमका तोच ऐकावयाचा राहतो.

समारोप

मराठी कानाला 'घुमट' आणि 'घुमणे' हे शब्द सख्खे वाटतात. 'घुमट' हा शब्द फारसी 'गुंबद'शी निगडित असला, तरी या जवळिकीने घुमटाचे घुमणे आपण गृहीतच धरले आहे. गृहीत धरलेल्या गोष्टीची चिकित्सा होत नाही आणि चिकित्सा न झालेल्या गोष्टीचे जतनही होत नाही. पॅरिसच्या नोत्र दामला २०१९ मध्ये आग लागली, तेव्हा २०१३ मध्ये तेथे घेतलेली ध्वनिमापने अभ्यासकांच्या हाती होती. नाद हाही वारशाचा भाग आहे, ही जाणीव त्यामागे होती. गोलघुमटाच्या बाबतीत ही जाणीव रुजावयाची असेल, तर त्याचे वर्णन 'किती वेळा' या प्रश्नाकडून 'कोठे, कसे आणि कोणाला' या प्रश्नांकडे वळले पाहिजे. इतिहास, पदार्थविज्ञान आणि भाषा या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना एकत्र येऊन करता येण्याजोगे हे काम आहे. त्याची पहिली अट सज्जात जाऊन काही काळ शांत उभे राहणे ही आहे.