छंद, कुलूप आणि कायदा

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घरातले एखादे यंत्र उघडून बसला की वडीलधाऱ्यांच्या तोंडून एकच वाक्य निघते : “नसते उद्योग सोड आणि अभ्यासाला बस.” या नसत्या उद्योगांतून नागरिकत्वाचे काही शिक्षण होत असेल, अशी शंकाही आपल्याला शिवत नाही. कोरी डॉक्टोरो यांची ‘लिटल ब्रदर’ ही इंग्रजी कादंबरी नेमक्या याच शंकेवर उभी आहे. ती २००८ साली किशोरवयीन वाचकांसाठी प्रसिद्ध झाली. आमच्या मते ती त्यांच्या आईबापांनीही वाचावी. मात्र वाचताना आमच्यातल्या वकिलाची एक तक्रार ऐकून घ्यावी.

कथा सॅन फ्रान्सिस्को शहरातली. मार्कस यालो हा सतरा वर्षांचा विद्यार्थी. स्वतःचा संगणक स्वतः जुळविणे, गुप्तलेखनाच्या युक्त्या शिकणे आणि शहरभर खुणा हुडकीत हिंडण्याचा एक खेळ खेळणे हे त्याचे छंद. या खेळापायी तो मित्रमैत्रिणींसह शाळा चुकवून बाहेर पडतो, आणि त्याच दिवशी अतिरेकी ‘बे ब्रिज’ हा पूल उडवून देतात. सुरक्षा खात्याचे लोक या मुलांना उचलून नेतात. आपल्या फोनचे कुलूप उघडून देण्यास मार्कस नकार देतो, आणि तेवढ्यावरून तो संशयित ठरतो. काही दिवसांनी त्याची सुटका होते. पण त्याचा जिवलग मित्र डॅरिल परत येत नाही. शहर मात्र बदललेले असते. आगगाडीचे पास, पुलावरचा टोल, सारे काही माणसाच्या हालचालींची नोंद ठेवू लागते. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४९ साली ज्या ‘थोरल्या भावा’ची धास्ती जगाला घातली, त्याच्यासमोर हा धाकटा भाऊ आता उभा राहतो.

कादंबरीचे खरे बळ मार्कसच्या छंदांत आहे. शाळेतले कॅमेरे विद्यार्थ्याला त्याच्या चालीवरून ओळखतात. हा पोरगा बुटात खडे घालून चाल बदलतो. खेळाच्या एक्सबॉक्स यंत्रांतून तो मुलांचे एक गुप्त जाळे उभारतो. यंत्र आतून पाहिलेल्या मुलाला ते काय करू शकते हे जसे कळते, तसे ते कोठे चुकते हेही कळते. ज्याने ते कधी उघडलेच नाही, तो त्याला सर्वज्ञ मानून भितो, नाहीतर सर्वज्ञ मानून त्याच्यावर विसंबतो. दोन्ही सारखेच घातक.

या दृष्टीने कादंबरीतला एक हिशेब आम्हांला मोलाचा वाटला. समजा, अतिरेकी ओळखणारी एक कसोटी शंभरांत नव्व्याण्णव वेळा बरोबर ठरते. दोन कोटी वस्तीच्या शहरात खरे अतिरेकी दहा आहेत. कसोटी सर्वांना लावली, तर ते दहा बहुधा सापडतील. पण शंभरांत एक या मानाने सुमारे दोन लाख निरपराध माणसेही त्यांच्यासोबत सापडतील. संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे आम्ही वकील मंडळी मोठमोठ्या शब्दांत सांगत आलो. येथे ते चार ओळींच्या गणिताने सिद्ध होते.

आता आमची तक्रार. मार्कस व त्याचे सोबती लोकांच्या पासांतील माहिती त्यांच्या नकळत एकमेकांत बदलून टाकतात. सरकारची यंत्रणा गोंधळते खरी, पण अडविले जातात ते कामावर निघालेले सामान्य नागरिक. खुद्द मार्कसच्या वडिलांनाही पोलीस थांबवून जाब विचारतात. ज्यांच्या स्वातंत्र्यासाठी हा लढा, त्यांनाच न विचारता त्यांच्यावर संशय ओढवून घेण्याचा अधिकार या मुलांना कोणी दिला? मार्कसला हा प्रश्न टोचतो, पण लेखक त्यावर फार काळ थांबत नाहीत. विरुद्ध पक्षाची पात्रेही पुठ्ठ्याची वाटतात. पूल कोसळल्यावर ज्यांनी माणसे गमावली, त्यांची भीती खरी होती; तिला या पुस्तकात पुरेसा वकील मिळालेला नाही.

कथेचा शेवट मात्र लेखकाच्या उत्साहापेक्षा शहाणा आहे. डॅरिलला सोडविते ते गुप्तलेखन नव्हे. मार्कस आईवडिलांना सारे सांगतो. एक पत्रकार बाई ते छापतात. आणि शेवटी कॅलिफोर्निया राज्याचे पोलीस त्या छुप्या तुरुंगावर येऊन थडकतात. युक्तीने एका मुलाला लपता येते. कोंडलेल्या माणसाला बाहेर काढायला वृत्तपत्र आणि कायदा लागतो. लेखकाने हे सिद्धांत म्हणून मांडले नाही, पण त्याची कथा तेच सांगते.

पुढच्या घटनांनी कादंबरीला दुजोरा दिला. २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केले की, अमेरिकन सरकार २००१ च्या पेट्रियट कायद्याच्या आधारे कोट्यवधी नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी गोळा करीत होते. ती सरसकट गोळाबेरीज थांबविण्यास २०१५ साली नवा कायदा करावा लागला.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्णय दिला. कादंबरीत वडील प्रथम पाळतीची बाजू घेतात आणि मुलगा विरोध करतो. त्या निकालाच्या संदर्भात हे आठवल्यावाचून राहत नाही. आणीबाणीत, १९७६ साली, नागरिकाला अटकेविरुद्ध न्यायालयात दादच मागता येणार नाही असे ठरविणाऱ्या बहुमतात न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड होते. २०१७ साली तो निर्णय रद्द ठरविणारे मुख्य निकालपत्र त्यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. तरीही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात, राज्याच्या सुरक्षेसारख्या कारणांसाठी आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवलाच आहे. हक्क मिळाला, त्याची राखण अजून आपल्याकडेच आहे.

ही राखण दिल्लीतच करावी लागते असे नाही. देवस्थानच्या आवारात कॅमेरे बसविण्याचा ठराव महाजनांच्या सभेत येतो, तेव्हा चोरीच्या भयाने आपण माना डोलावतो. ते भय खोटे नसते. पण चित्रे कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कोणाच्या हाती देणार, हे विचारणारा कोणी तरी सभेत असावा. असा प्रश्न विचारू शकणारा मुलगा कदाचित आज आपल्याच घरी एखादे यंत्र उघडून बसला असेल. त्याला उठविण्यापूर्वी ही कादंबरी वाचावी. आणि त्याच्या हाती ती देताना संविधानाची एक प्रतही सोबत द्यावी.