नाव आधी की ठिकाण आधी? : किनाऱ्यावरील जीवांच्या ओळखपुस्तकांविषयी

ओहोटीच्या वेळी खडकांवर, डबक्यांत आणि दगडांखाली सापडणाऱ्या चिमुकल्या सागरी जीवांची ओळख करून देणारी पुस्तके आपल्याकडे वाङ्मयीन टीकेचा विषय म्हणून क्वचितच घेतली जातात. ती शास्त्राची पुस्तके. त्यांतील माहिती बरोबर की चूक एवढे तज्ज्ञांनी सांगावे, साहित्याच्या अभ्यासकाने त्यांत काय पाहावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाही. कोणत्याही पुस्तकाची मांडणी ज्या क्रमाने केलेली असते, त्या क्रमावरून ग्रंथकाराने कोणता वाचक डोळ्यांपुढे धरला होता हे तत्काळ कळून येते. आणि वाचकाशी असलेले हे नाते हाच टीकेचा खरा विषय होय.

या पुस्तकांत तीन क्रम आढळतात : वर्णक्रम, वर्गक्रम आणि स्थलक्रम. पहिला कोशांचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली बाहेर पडला, तो मराठी विश्वकोश याचे उत्तम उदाहरण. त्यातील 'खेकडा' किंवा 'कालव' यांवरील नोंदी वाचनीय आहेत यात संशय नाही. तथापि कोशाला एक अट जन्मतःच चिकटलेली असते : वाचकाला शब्द आधीच ठाऊक असला पाहिजे. खडकावर वाकलेल्या मनुष्याची अडचण नेमकी उलट असते. वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर आहे. हवा आहे तो शब्द. त्याला 'क' उघडावे की 'श', हे कोश सांगू शकत नाही.

दुसरा क्रम शास्त्रज्ञांचा. मुंबईच्या किनाऱ्यावरील शिंपले व शंख यांचे पद्धतशीर वर्णन सुब्रह्मण्यम्, करंदीकर व मूर्ती यांनी १९४९ पासून पुढील काही वर्षांत मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकातून इंग्रजीत प्रसिद्ध केले. बी. एफ. छापगर यांचा तत्कालीन मुंबई राज्यातील सागरी खेकड्यांवरील विस्तृत निबंध १९५७ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात आला. आणि त्याच संस्थेने १९९८ साली दीपक आपटे यांचे भारतीय शंखशिंपल्यांवरील पुस्तक काढले. या कामांचे मोल वादातीत आहे. परंतु वर्गक्रमाने रचलेले पुस्तक वाचकाकडून एक गोष्ट गृहीत धरते. हाती आलेला जीव कोणत्या कुळातला, हे त्याने स्वतःच ओळखून मग योग्य प्रकरणाकडे वळावे.

ही अपेक्षा किती कठीण आहे हे पाहण्यास बार्नेकल पुरेसा आहे. भरतीच्या पाण्यातील बहुतेक दगडांवर पांढुरके, खरखरीत, टोकाशी छिद्र असलेले इवलेसे डोंगर दाटीने चिकटलेले दिसतात. अनवाणी पाय पडल्यास रक्त काढतात. कोणीही सुज्ञ वाचक त्यांना शिंपल्यांतच शोधील, आणि तेथे ते सापडावयाचे नाहीत. बार्नेकल हा खेकड्याचा व कोळंबीचा नातलग. लहानपणी पाण्यात स्वैर पोहणारा हा जीव पुढे डोके दगडाला चिकटवून घेतो, अंगाभोवती चुन्याच्या भिंती उभारतो आणि उरलेले आयुष्य पायांनी अन्न ओढून घेण्यात घालवितो. विद्वानांनीही त्याला दीर्घकाळ शिंपल्यांच्याच गोतात बसविले होते. १८३० साली व्हॉन टॉम्सन याने त्याची पोहणारी पिल्ले पाहून खरे नाते उघड केले. त्यानंतर डार्विनसारख्या पुरुषाने या एका गटाच्या अभ्यासात आठ वर्षे घातली. जेथे पंडित चकले, तेथे रविवारी मुलांना घेऊन किनाऱ्यावर आलेल्या गृहस्थाने प्रथमदर्शनी योग्य प्रकरण उघडावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही.

म्हणूनच १९३९ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाकडे आम्हांस मराठी वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. एड रिकेट्स व जॅक कॅल्व्हिन यांचे 'बिट्वीन पॅसिफिक टाइड्स' हे ते पुस्तक. रिकेट्स हा विद्यापीठातील अध्यापक नव्हे. मॉन्टेरे येथे प्रयोगशाळांना सागरी जीवांचे नमुने पुरविणे हा त्याचा व्यवसाय. त्याने कुळांचा क्रम बाजूस सारला आणि ठिकाणांचा क्रम धरला : आडोशाचा खडकाळ किनारा, लाटांचा मारा खाणारा उघडा किनारा, खाडी व उपसागर, आणि शेवटी धक्क्यांचे खांब. प्रत्येक ठिकाणी पुन्हा भरतीच्या उंचीप्रमाणे वरून खाली पायऱ्या. वाचकाला एवढेच सांगावे लागते की, तो कोठे उभा आहे. अशा मांडणीत बार्नेकल, त्याच्या शेजारचे कालव आणि त्या दोघांना पोखरून खाणारी गोगलगाय एकाच पानावर भेटतात. कुळाच्या दृष्टीने ही तिन्ही परस्परांहून दूर. खडकावर मात्र त्यांची आयुष्ये एकमेकांत गुंतलेली. वर्गक्रम कोण कोणाचा नातलग ते सांगतो. स्थलक्रम कोण कोणाचा शेजारी ते सांगतो. किनाऱ्यावर प्रथम दिसतो तो शेजार.

या पद्धतीवर आक्षेप घेता येतो, आणि तो पोकळ नाही. सगळेच जीव ठिकाणाशी प्रामाणिक नसतात. रिकामा शंख पाठीवर घेऊन हिंडणारा खेकडा आज डबक्यात, उद्या वाळूत. लाटांनी फेकलेले शिंपले तर मेल्यावर शेकडो हात प्रवास करतात. शिवाय एकाच ठिकाणी राहणाऱ्या दोन जवळच्या जाती वेगळ्या ओळखावयाच्या झाल्यास शेवटी वर्गक्रमाच्या बारकाव्यांनाच शरण जावे लागते. हे सर्व खरे. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते की, स्थलक्रम हा दरवाजा आहे, सारे घर नव्हे. दरवाजाच नसलेल्या घरात पाहुणा शिरावयाचा कसा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आता हा विचार आपल्या वसई-विरारच्या किनाऱ्यास लावून पाहू. कळंब, राजोडी, भुईगाव येथे पसरली आहे ती मुख्यतः वाळू. खाडीच्या अंगाने चिखल. खडकाचे जीव पाहावयाचे तर अर्नाळ्याच्या बेटाभोवतीचे दगड गाठावे, नाहीतर मनुष्याने रचलेल्या दगडांकडे वळावे. पाचूबंदर, किल्लाबंदर येथील धक्क्यांचे चिरे आणि ओढून ठेवलेल्या होडीचा तळ हाच आपल्याकडचा पुष्कळसा 'खडकाळ किनारा'. रिकेट्सने धक्क्याच्या खांबांना स्वतंत्र विभाग दिला, तो आपल्याला किती उपयोगी पडावा! चिऱ्याच्या वरच्या भागात, जेथे भरतीचे केवळ तुषार पोहोचतात, तेथे फटींत दडलेल्या बारीक गोगलगाई झाकण मिटून उन्हात तग धरतात. त्याखाली बार्नेकल व कालवे. आणि उधाणाच्या ओहोटीतच उघड्या पडणाऱ्या तळच्या पट्ट्यात समुद्रफुले व स्पंज. एका धक्क्याच्या उतरत्या दगडांवर हे सारे पुस्तक वरून खाली वाचता येते.

आणि येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. जी पद्धत १९३९ साली नवी म्हणून पुढे आली, ती आपल्या कोळी, मांगेला व वैती बायकांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिसऱ्या व खुबे कोठे उकरावयाचे, कालवे कोणत्या दगडावरून फोडावयाची, निवट्या कोणत्या चिखलात सापडतात, उधाणाला काय मिळते नि भांगाला काय मिळत नाही, हे सारे ज्ञान स्थलक्रमानेच लावलेले आहे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे : ते पोटाशी बांधलेले असल्यामुळे, जे खाल्ले वा विकले जात नाही त्याला वेगळे नाव पडण्याचे कारण फारसे उरत नाही. ती उणीव आपण सुशिक्षितांनी भाषांतराने भरून काढली आणि इंग्रजीचे दोषही सोबत उचलले. 'तारामासा' हा शब्द पाहा. तो मासा नव्हे. इंग्रजांनी अज्ञानाने त्याला मासा म्हटले, आणि आपण ते अज्ञान जसेच्या तसे मराठीत आणून ठेवले. आधी बंदरावर विचारून पाहावे, तेथे शब्द नसेल तरच घडवावा, आणि घडविताना इंग्रजी नावाकडे न पाहता जिवाकडे पाहावे, असा दंडक मराठी ओळखपुस्तकाने स्वतःस घालून घ्यावा.

परंतु अशा पुस्तकाला केवळ यशस्वी होऊन भागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकांनी किनाऱ्यावर जाऊन डबकी धुंडाळण्याची आवड घराघरांत नेली. १८५५ साली चार्ल्स किंग्स्ली या धर्मोपदेशक कादंबरीकाराच्या 'ग्लॉकस'ने तिला आणखी बळ दिले. लोक टोपल्या व बरण्या घेऊन निघाले. परिणाम काय झाला? गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या 'फादर अँड सन' या आत्मकथनात सखेद नमूद केले आहे की, ज्या डबक्यांचे सौंदर्य वडिलांनी जगाला दाखविले, ती गोळा करणाऱ्यांच्या झुंडींनी ओरबाडून टाकली, आणि त्यास वडिलांची पुस्तके नकळत कारण झाली. प्रेमाने लिहिलेल्या ग्रंथावर त्याच्याच वाचकांनी केलेली ही टीका आहे. उलटलेला दगड होता तसा पालथा ठेवावा, जिवंत शंख खिशात घालू नये, ही वाक्ये ओळखपुस्तकाच्या परिशिष्टात नव्हे, पहिल्या पानावर असली पाहिजेत.

आज बरणीची जागा छायाचित्राने घेतली आहे, ही निःसंशय सुधारणा होय. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातील मंडळी हौशी नागरिकांना ओहोटीच्या वेळी गिरगाव, जुहू, हाजी अली अशा ठिकाणी नेऊन तेथील जीव दाखवीत आली आहेत. शहराच्या किनाऱ्यावर प्रवाळ व समुद्रफुले आहेत हे अनेकांस त्यामुळेच प्रथम कळले. मात्र भ्रमणध्वनीतील यंत्र चित्र पाहताच नाव सांगू लागल्यापासून एक नवी भीती उभी राहिली आहे. नाव मिळाले की पाहणे संपते. यंत्राने सांगितलेले लॅटिन नाव खरे असेलही. पण तो जीव दगडाच्या सावलीच्या अंगालाच का बसला आहे, हे विचारण्यापूर्वीच आपण पुढे सरकलेले असतो. चांगले पुस्तक नाव सांगण्यास थोडा विलंब लावते. त्या विलंबातच शिक्षण असते.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. याच पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळील वाढवण येथे मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये झाली. बंदर व्हावे की न व्हावे याचा निवाडा साहित्यविषयक मासिकाच्या कक्षेत येत नाही. परंतु किनारा बदलण्यापूर्वी त्यावर कोण राहत होते हे मराठीत लिहून ठेवणे निश्चितच येते. शास्त्रीय याद्या इंग्रजीत आहेत आणि बंदरावरची नावे बोलण्यात आहेत. या दोहोंना एका पानावर आणणारे, धक्क्याच्या वरच्या चिऱ्यापासून खालच्या चिऱ्यापर्यंत उतरत जाणारे एक लहानसे मराठी पुस्तक आम्हांस हवे आहे. ते लिहिणाऱ्याने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जितके दिवस घालवावे, तितकेच कालवे फोडणाऱ्या बाईच्या शेजारी घालवावे. कारण तिला ठाऊक असलेले शब्द कोणत्याही ग्रंथालयातून उसने आणता येणार नाहीत.