माप आणि साचा : बेतून शिवलेल्या वस्त्राची मीमांसा

अंगाच्या मापाने शिवून घेतलेल्या वस्त्राचे अलीकडे जे कौतुक होते, ते बहुतांशी शिलाईच्या गुणांवर आधारलेले असते. शिंप्याच्या हातचा कपडा म्हणजे कला आणि कारखान्यातील कपडा म्हणजे नक्कल, असे समीकरण त्यात गृहीत धरलेले दिसते. तयार जीन्सच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या उल्हासनगर कॅम्प ५ च्या संदर्भात हे समीकरण तपासले असता ते टिकत नाही.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होय. शिंपी कपडा शिवतो, त्यापूर्वी तो ‘बेततो’. बेतणे म्हणजे माप पाहून कापड कापणे. शिंपी कुळात जन्मलेल्या संत नामदेवांनी आपल्या व्यवसायातून रूपके उचलली, तीही गज आणि कात्री यांची. मापन आणि छेदन हीच या कलेची मूळ अंगे होत. सुई त्यांच्या मागून येते.

शिवणयंत्राने या क्रमात बदल केला नाही. एलियस हाऊ याचे १८४६ चे आणि आयझॅक सिंगर याचे १८५१ चे पेटंट यांमुळे शिलाईचा वेग वाढला. पण यंत्र शिंप्याच्या दुकानातही आले आणि तेथे माप घेणे चालूच राहिले. भेद उत्पन्न केला तो ठराविक मापांनी. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) सैन्याला मोठ्या प्रमाणावर गणवेश पुरवावे लागले, तेव्हा अशा मापांना विशेष चालना मिळाली. व्यक्तीच्या मापाची जागा साच्याने घेतली.

जीन्सचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. साच्याने तयार होणाऱ्या वस्त्रांत अग्रगण्य असलेली ही विजार मुळात मागणीवरून शिवली गेली. १८७० च्या सुमारास अमेरिकेतील रीनो गावी जेकब डेव्हिस या शिंप्याने एका लाकूडतोड्यासाठी, त्याच्या पत्नीच्या सांगण्यावरून, तांब्याच्या रिबिटांनी खिसे पक्के केलेली विजार तयार केली. २० मे १८७३ रोजी डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉस यांच्या पेढीला त्याचे पेटंट मिळाले. एका गिऱ्हाइकाची गरज जगाचा साचा बनली. जाड कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘डंगरी’ हा शब्दही मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे.

उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी वसले. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित तेथे आले आणि १९४९ साली वसाहतीला हे नाव मिळाले. निर्वासितांना भांडवल थोडे आणि बाजारपेठ जवळ; अशा स्थितीत लहान खोलीत यंत्र टाकून होणारे धंदे तेथे रुजले, यात नवल नाही.

जीन्सच्या कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून वरच्या थरावर खाका आखतात आणि सर्व थर यंत्राने एकदम कापतात. पुढे एक कारागीर खिसे लावतो, दुसरा पट्टा, तिसरा काज करतो. येथे हातांचे कौशल्य उणे नसते. उणे असते ते संपूर्ण वस्त्राचे ज्ञान आणि ते कोणाच्या अंगावर जाणार याची ओळख. शिंप्याच्या दुकानात या दोन्ही गोष्टी एका माणसापाशी असतात. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता आहे हे तो जाणतो आणि न बोलता कापडात सांभाळून घेतो. बेतलेल्या वस्त्राचे आधुनिक आकर्षण या ओळखीत आहे, टाक्यांच्या बारकाईत नव्हे.

याचा पुरावा साच्याच्या कपड्यातच मिळतो. बत्तीस इंच कंबरेची जीन्स घेणारा गृहस्थ ती लांबीला कमी करण्यासाठी कोपऱ्यावरील शिंप्याकडे नेतो. साच्याने वगळलेले शरीर तेथे परत येते. तयार कपडा शिंप्यावाचून पुरता तयार होत नाही.

म्हणून शिंप्याची थोरवी गाण्यासाठी कारखान्यातील कारागिराला नक्कलकार ठरविणे अन्यायाचे होय. दोघांची सुई एकच आहे. एकाला गिऱ्हाइकाचे शरीर दिसते, दुसऱ्याला केवळ कापडाचा तुकडा. आणि हा भेद कारागिराच्या गुणाचा नसून त्याच्या कामाच्या विभागणीचा आहे. बेतीव वस्त्राचा जो गौरव ही विभागणी नजरेआड करतो, तो गौरव वस्त्राचा नसून ते विकत घेण्याच्या ऐपतीचा ठरतो.