शरण आलेल्या शत्रूपुढे: एका यंत्रनायकाची तीन रूपे

'रोबो' हा शब्द जगाला दिला तो चेक लेखक कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले. शब्द सुचवला तो त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ, सक्तीची मजुरी. चापेक यांचे यंत्रमानव कारखान्यात घडवलेले वेठबिगारच आहेत. पुढे ते बंड करतात आणि मानवजातीचा संहार करतात. जिवंत ठेवतात तो एकच माणूस, अल्क्विस्ट, कारण तो त्यांच्यासारखाच हाताने काम करणारा असतो. या बंडातला राडियस नावाचा यंत्रमानव आपल्यावर कोणी धनी नको म्हणतो; पण त्याला स्वतःला मात्र धनी व्हायचे असते. यंत्रमानव पुढारी झाला तर तो कसा वागेल, हा प्रश्न अशा रीतीने 'रोबो' या शब्दाच्या जन्माबरोबरच जन्माला आला.

आजच्या मुलांना राडियस ठाऊक नाही. त्यांना ठाऊक आहे तो ऑप्टिमस प्राइम. 'ट्रान्सफॉर्मर्स' या अमेरिकी कथामालेतला हा तांबड्या-निळ्या रंगाचा यंत्रनायक क्षणात मालमोटार होतो आणि क्षणात उभा राहून सैन्याचे नेतृत्व करतो. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात लागणाऱ्या खेळण्यांच्या दुकानांत त्याच्या जातकुळीची खेळणी दिसतात आणि दूरचित्रवाणीवर हिंदी आवाजात तो आपल्या घरी येतो. १९८४ पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ अनेक लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी त्याची कथा पुन्हा पुन्हा सांगितली आहे. मुलांच्या मनात पुढाऱ्याचे जे चित्र तयार होते, त्यातल्या काही रेषा अशा नायकांच्या असतात. म्हणून त्याच्याकडे गांभीर्याने पाहणे उचित ठरेल.

साहित्याच्या व्यासपीठावर यंत्रमानवांचे काय काम, अशी शंका कोणी घेईल. तिला मराठी साहित्यविश्वाने स्वतःच उत्तर दिले आहे. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यानंतरच्या, २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष होते विज्ञानकथाकार जयंत नारळीकर. धर्मचिंतन आणि विज्ञानकथा यांना मराठीने एकाच मानाच्या आसनावर, एकापाठोपाठ एक बसवले.

एकच कथा नव्याने सांगणे हा काही दोष नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले तेव्हा त्यांनीही जुनीच कथा आपल्या लोकांच्या भाषेत आणि छंदात सांगितली. भाषा बदलली, छंद बदलला, कथेचा गाभा मात्र तोच राहिला. पुनर्कथनाची परीक्षा येथेच होते. ऑप्टिमस प्राइमचा गाभा कोणता आणि तो किती टिकला, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच कसोटी घेतली आहे. पाडाव झालेला शत्रू पुढे पडला आहे, तो दयेची याचना करीत आहे, अशा वेळी हा नायक काय करतो? १९८६, २०११ आणि २०२४ या तीन वर्षांच्या तीन चित्रपटांत हाच प्रसंग तीन प्रकारे येतो.

प्रथम त्याच्या जन्माविषयी थोडेसे. ऑप्टिमस कोणा कवीच्या प्रतिभेतून नव्हे, दुकानाच्या गरजेतून जन्मला. जपानच्या टाकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने आपल्या देशात आणली आणि ती खपावीत म्हणून त्यांना कथा हवी होती. मार्व्हल या चित्रकथा प्रकाशनाच्या मंडळींनी ती रचली. नायकाचे नाव डेनिस ओनील यांनी सुचवले. इतर बहुतेक पात्रांची नावे व स्वभावचित्रे बॉब बुडियान्स्की यांनी लिहिली. जपानमध्ये हाच नायक 'कॉन्व्हॉय' या नावाने ओळखला गेला. सायबरट्रॉन नावाच्या यंत्रग्रहावर ऑटोबॉट आणि डिसेप्टिकॉन या दोन पक्षांचे युद्ध; एकाचा पुढारी ऑप्टिमस, दुसऱ्याचा मेगाट्रॉन, अशी ही मांडणी आहे. प्रत्येक जाणत्या जीवाला स्वातंत्र्याचा हक्क आहे, हे ऑप्टिमसचे ब्रीद.

विक्रीसाठी रचलेल्या या पात्रात दोन गोष्टींनी जीव ओतला. १९८५ च्या एका भागात असे दाखवले आहे की ऑप्टिमस मुळात ओरायन पॅक्स नावाचा गोदीतला साधा कामगार होता. मेगाट्रॉनच्या हल्ल्यात तो जबर जखमी झाला आणि अल्फा ट्रायॉन नावाच्या वृद्ध यंत्रमानवाने त्याला नव्याने घडवले. म्हणजे हा पुढारी राजकुळातला नव्हे, कष्टकऱ्यांतला. दुसरी गोष्ट त्याच्या आवाजाची. अभिनेते पीटर कलन यांनी तो आवाज आपल्या थोरल्या भावाला आठवून दिला. हा भाऊ व्हिएतनामच्या युद्धात लढलेला सैनिक. नायकाची भूमिका करायची तर ओरडणारा वीर नको, सौम्य राहता येईल इतका बलवान माणूस उभा कर, असे त्याने सांगितल्याचे कलन यांनी अनेकदा नमूद केले आहे. तो संथ, खोल, थोडासा थकलेला आवाज ऐकताना या सल्ल्याचे मोल कळते.

आता पहिला प्रसंग. १९८६ च्या चित्रपटात ऑटोबॉटांच्या नगरीवर हल्ला होतो आणि ऑप्टिमस एकटा मेगाट्रॉनशी झुंजतो. मेगाट्रॉन पडतो, दयेची भीक मागतो, आणि त्याच वेळी जवळ पडलेल्या शस्त्राकडे त्याचा हात सरकत असतो. ऑप्टिमसने शस्त्र रोखलेले आहे. पण तो थांबतो, बोलतो, आजवर दया न दाखवलेल्या शत्रूच्या तोंडी ही याचना कशी, असे विचारतो. एवढ्यात हॉट रॉड हा तरुण सहकारी धावत मध्ये पडतो, मेगाट्रॉन त्याची ढाल करतो आणि ऑप्टिमसला प्राणघातक जखमा होतात. नगरी वाचते. नायक मात्र सहकाऱ्यांच्या देखत, नेतृत्वाचे चिन्ह दुसऱ्याच्या हाती सोपवून मरतो आणि त्याच्या देहावरचे रंग विझून तो करडा होतो. त्याने क्षमा केली असती की नाही, हे चित्रपट सांगत नाही. तो थांबला, एवढेच आपण पाहतो. ज्या हॉट रॉडच्या उतावळेपणाने घात झाला, त्याच्यावर मरतानाही तो रोष धरीत नाही.

हा मृत्यू घडवण्यामागचा हेतू मात्र शुद्ध व्यापारी होता. जुनी खेळणी बाजारातून काढून नवी आणायची होती. मुले चित्रपटगृहांत रडली, कंपनीकडे पत्रांचा ओघ लागला आणि १९८७ साली दूरचित्रवाणीच्या मालिकेत ऑप्टिमसला परत आणावे लागले. संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र ऐकत वाढलेल्या वसईच्या मुलाला, मृत्यूने माणसाचे मोठेपण संपत नाही हे वेगळे शिकवावे लागत नाही. अमेरिकी व्यापाऱ्यांना ते मुलांच्या अश्रूंनी शिकवले.

याच सुमारास मार्व्हलच्या चित्रकथेत याहूनही धीट प्रसंग आला. ऑप्टिमस आणि मेगाट्रॉन यांच्यात संगणकावरचा खेळ ठरतो. जो हरेल त्याचा नाश व्हायचा. ऑप्टिमस जिंकतो. पण जिंकताना खेळाच्या त्या मायावी जगातले निरपराध जीव आपल्या डावपेचामुळे बळी पडले, हे त्याच्या मनाला लागते. ते खरे नव्हते, ही सबब तो स्वीकारत नाही. आपण आपल्या तत्त्वाशी प्रतारणा केली, तेव्हा हरलेला मीच, असे म्हणून तो स्वतःचा नाश ओढवून घेतो. कथेच्या तर्कात हा निर्णय अतिरेकी वाटतो, आणि पुढाऱ्याविना उरलेल्या अनुयायांचे काय, हा प्रश्नही उरतो. तरीसुद्धा विजय हीच सबब न मानणारा पुढारी मुलांच्या चित्रकथेत भेटावा, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरे रूप मायकेल बे यांच्या चित्रपटांतले. २००७ ते २०१७ या काळात त्यांनी या मालेतले पाच चित्रपट दिग्दर्शित केले. आवाज पीटर कलन यांचाच राहिला, म्हणून पात्र तेच आहे असा भास होतो. २००९ च्या चित्रपटात हा नायक शत्रूचा चेहरा ओरबाडून काढतो. २०११ च्या चित्रपटात शिकागो शहर उद्ध्वस्त झाल्यानंतर मेगाट्रॉन तहाची भाषा बोलतो, तेव्हा ऑप्टिमस त्याला ठार करतो. त्याचा जुना गुरू आणि आता विश्वासघातकी ठरलेला सेंटिनेल प्राइम घायाळ होऊन सरपटत असतो. आपण आपल्या वंशाच्या रक्षणासाठीच हे केले, अशी विनवणी तो करतो. तू माझा नव्हे, स्वतःचाच घात केलास, असे सांगून ऑप्टिमस त्याच्यावर गोळी झाडतो.

या प्रसंगाची बाजू मांडता येईल. सेंटिनेलचा अपराध घोर आहे, शहर जळते आहे, नायकाचा एक हात तुटलेला आहे. युद्धाने माणूस कठोर होतो हे सत्य आहे, आणि ते दाखवणे हा कलावंताचा अधिकार आहे. गुरूला स्वतःच्या हाताने मारावे लागणे, ही तर शोकांतिकेची सामग्री. दोष आहे तो पुढच्या क्षणात. शोकांतिकेत अशा कृत्यानंतर नायकाच्या आत काहीतरी मोडते आणि प्रेक्षकाला ते मोडणे ऐकू येते. येथे गोळी सुटते आणि पाठोपाठ विजयाचे भाषण येते. वधाचे ओझे ना नायकाच्या मनावर, ना प्रेक्षकाच्या. कलन यांच्या त्याच सौम्य आवाजातून ते भाषण आल्यामुळे मुलाला वाटते की भल्या पुढाऱ्याने शरण आलेल्याला असेच संपवायचे असते. २०१४ च्या चित्रपटात तो एका माणसालाही ठार करतो. ज्या मानवजातीचे रक्षण हे त्याचे व्रत, तिच्याशी असलेले नातेही असे बदलत गेले.

तिसरे रूप २०२४ सालचे, जॉश कूली यांच्या 'ट्रान्सफॉर्मर्स वन' या सचेतन चित्रपटातले. येथे कथा आरंभाकडे वळते. ओरायन पॅक्स आणि डी-१६ हे दोघे खाणमजूर, जिवलग मित्र. रूप बदलण्याची शक्ती त्यांच्या वर्गाकडून हिरावून घेतलेली आहे, आणि हे पातक केले आहे त्यांचा लाडका राज्यकर्ता सेंटिनेल प्राइम याने. नाव तेच, याचनाही जवळजवळ तीच. सत्य उघड झाल्यावर डी-१६ त्याच्यावर तोफ रोखतो, आणि ओरायन मध्ये येऊन तो मारा आपल्या अंगावर घेतो. नव्या राज्याचा आरंभ सूडाने होऊ नये, ही त्याची भूमिका. डी-१६ कड्यावर लोंबकळणाऱ्या मित्राचा हात धरतो आणि जाणूनबुजून सोडतो. त्या क्षणी मेगाट्रॉन जन्मतो. आणि खोल दरीत पडलेल्या ओरायनला ग्रहाचा आदिपुरुष नवे जीवन देतो, तेव्हा ऑप्टिमस जन्मतो. दोघांवर झालेला अन्याय एकच, दोघांची चीडही खरी. फरक पडतो तो सेंटिनेलपुढे दोघांनी काय केले त्यात.

तेरा वर्षांपूर्वी ज्या नावाच्या पात्राला ऑप्टिमसने मारले, त्याच नावाच्या पात्राला वाचवताना तो आता मरण पत्करतो. दिग्दर्शकाने हे ठरवून केले असो वा नसो, जुन्या चित्रपटाला याहून चोख उत्तर देता आले नसते. तथापि हा चित्रपटही निर्दोष नाही. पूर्वार्धातला विनोद बराचसा उथळ आहे. बलिदान आणि पुनर्जीवन यांत काही क्षणांचेच अंतर असल्यामुळे मृत्यूला १९८६ सारखे वजन येत नाही. शिवाय शेवटी मेगाट्रॉनला हद्दपार करताना दोन मित्रांच्या ताटातुटीचे दुःख आणखी रेंगाळायला हवे होते.

प्रेक्षकांनी कौल कोणाला दिला, हेही पाहावे लागेल. २०११ च्या चित्रपटाने जगभर १०० कोटी डॉलरहून अधिक मिळवले. २०२४ च्या चित्रपटाला सुमारे १३ कोटी डॉलरच मिळाले. बाजाराने जन्माला घातलेला हा नायक पुढे कोणते रूप घेईल, हे बाजारच ठरवणार असेल, तर या आकड्यांत आपल्याही तिकिटांचा हिशेब आहे.

मराठीत डॉ. नारळीकर यांच्या कादंबरीतला यंत्रमानव आठवतो. मराठीत तिचे नाव 'वामन परत न आला' असे आहे, तर इंग्रजीत ती 'द रिटर्न ऑफ वामन' झाली. एक शीर्षक वामन आला नाही म्हणते, दुसरे त्याच्या परतण्याची वार्ता देते. बळीने वामनाला दान दिले ते त्याची लहान मूर्ती पाहून; ती मूर्ती केवढी होणार आहे, हे त्याला दिसले नव्हते. यंत्राला नायक करण्याऐवजी त्याच्यापुढे सावध उभे राहण्याची ही दृष्टी या लेखाच्या विषयाला उपयोगी आहे. ऑप्टिमसच्या हातात पालक आपल्या मुलाची कल्पनाशक्ती सोपवतात, तीही खेळणे लहान दिसते म्हणूनच.

पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. बंदी घालून काही साधणार नाही. मुले शेजारच्या घरी पाहतील. १९८६ आणि २०२४ चे चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहावेत. २०११ चा पाहिलाच, तर सेंटिनेल पडतो तेथे थांबवून मुलांना विचारावे की तू त्याच्या जागी असतास तर काय केले असतेस. उत्तर आपल्याला आवडेलच असे नाही. पण ते ऐकून घ्यावे आणि मग आपलेही सांगावे.