रद्दीतला वेताळ

राजगडाची संजीवनी माची कागदावर उतरवणं सोपं नाही. दुहेरी तट, त्यांच्यामधली अरुंद वाट, डोंगराच्या सोंडेबरोबर वळत जाणारे चिलखती बुरूज: कॅमेऱ्यालाही हे सगळं एका नजरेत सापडत नाही. मराठी मुलांनी वाचलेल्या चित्रकथांतला गड त्यामुळे बहुधा ठरावीक निघतो. एक सुळका, वर दोन बुरूज, त्यावर एक भगवा. अमर चित्र कथेच्या ‘शिवाजी’ या अंकाची संहिता फास्टर फेणेचे जनक भा. रा. भागवत यांची आणि चित्रं प्रताप मुळीक यांची. मुळीकांचा हात माणसांवर आणि घोड्यांवर विलक्षण चालतो. डोंगर मात्र मागच्या पडद्यासारखा राहतो. ज्या वेल्हे तालुक्याला अलीकडे राजगड हे नाव मिळालं, तिथल्या वाचकाला हा फरक पटकन कळतो. तोरणा त्याच्या घरावरच उभा असतो. शेजारच्या भोरमध्येही रोहिडा आणि रायरेश्वर कुणाला चित्रातून ओळखावे लागत नाहीत.

तरीही जुन्या चित्रकथांच्या गठ्ठ्यात हात घातला की महाराजांच्या आधी हाताला लागतो तो वेताळ. ली फॉकने १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी घडवलेला हा ‘फँटम’. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, त्याचा पहिला अंक वेताळाचाच होता. किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक याच एका नायकाने व्यापले, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला आणि चंबळच्या डाकूंशी झुंजणारा देशी नायक त्या पंगतीत बसला. १९९० मध्ये मालिका बंद पडली तेव्हा आठशेच्या वर अंक झाले होते.

आज हे अंक जमवणाऱ्यांची जमात आहे, आणि तिची नजर मुख्यतः मुखपृष्ठावर व क्रमांकावर खिळलेली आहे. यात नवल नाही. बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं आतल्या चित्रांपेक्षा अनेकदा सरस आहेत. पण इंद्रजालची खरी कारागिरी आतल्या पानांत आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. मुळात ही कथा वर्तमानपत्रात रोज एका आडव्या पट्टीत येणारी. ती पुस्तकाच्या उभ्या पानावर बसवायची म्हणजे चौकटी कापायच्या, काही ताणायच्या, काही सरळ गाळायच्या. पहिल्या दहा अंकांत तर वेताळाला जेमतेम १६ पानं मिळत. बाकीची सामान्य ज्ञान वगैरे मजकुराने भरलेली. त्यामुळे त्या कथा धापा टाकत पळतात. एका चौकटीत समुद्र, पुढच्या चौकटीत थेट कवटीची गुहा. फँटमचे चित्रकार विल्सन मकॉय यांची साधी, जवळजवळ बाळबोध रेषा आणि १९६१ नंतरची साय बॅरीची घोटीव, छायाप्रकाशाची रेषा यांतला फरक पाहायला हे अंक शेजारी शेजारी ठेवावे लागतात. क्रमांक लावून पिशवीत बंद केलेल्या अंकांतून तो दिसत नाही.

काटछाट फक्त चित्रांची नव्हती. भारतीय वाचकाला टोचू नये म्हणून फॉकच्या वेताळाचा देश बंगाल्ला इथे ‘डेंकाली’ झाला, सिंग चाचे ‘सिंगा’ झाले, वेताळाच्या बापाचा खुनी ‘रामा’ हा ‘रामालू’ झाला. मराठी आवृत्तीपुढे आणखी एक अडचण. इंग्रजीच्या मापाने काढलेला संवादाचा फुगा तेवढाच, त्यात मराठी वाक्य कोंबायचं. ते करणाऱ्या भाषांतरकारांची नावं वाचकाच्या तोंडी कधी आलीच नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या मुलांच्या मराठीवर त्यांचा हात फिरला आहे, आणि संग्राहकांच्या गप्पांत त्यांना जागा नाही. ही या छंदाची सगळ्यात मोठी उणीव.

भावाची गंमत निराळीच. इंग्रजी अंकाला देशभर गिऱ्हाईक मिळतं, मराठी अंकाला मराठी वाचणाराच हवा. म्हणून दुर्मीळ असूनही मराठी अंक मागे पडतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी फिरणाऱ्यांना हे ठाऊक असतं. अमेरिकेत २००० पासून अंकाला दहापैकी गुण देऊन तो कडक प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करण्याची पद्धत रुळली. आपल्याकडच्याही काहींना त्या गुणांचा मोह पडू लागला आहे. पण दहापैकी नऊ मिळवणारा अंक म्हणजे कुणी न वाचलेला अंक. इथे एक अंक घर, चुलतघर, आळी आणि शाळा फिरून यायचा आणि शेवटी वाण्याच्या पुडीत जायचा.

त्यात भोर-वेल्ह्यासारखा पावसाचा मुलूख. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत चार महिने भिंतींना ओल असते. वर्तमानपत्री कागद आम्लामुळे आधी पिवळा, मग ठिसूळ होतो. पिना गंजतात आणि मधलं पान सुटतं. उरलेलं कसर आणि वाळवी पाहून घेतात. इथे जुने अंक टिकले असतील तर ते बहुधा बांधलेल्या खंडांत. दहा-बारा अंक एकत्र शिवून, कडा छाटून, जाड पुठ्ठा घातलेले हे खंड पट्टीचा संग्राहक नाकारतो, कारण छाटणीत पानाची कड जाते आणि मुखपृष्ठही कधी कधी जातं. तो चुकतो. सलग वाचायला याच्याइतकी सोयीची वस्तू दुसरी नाही, आणि ओलीत सुटा अंक जिथे दोन पावसाळ्यांत गळतो तिथे पुठ्ठ्यातला अंक निदान जगतो.

जतनाच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. बालभारतीने १९७१ पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंक डिजिटल करून सर्वांना मोफत खुले केले. मराठी इंद्रजालच्या वाट्याला असं पालकत्व आलं नाही. जे काही महाजालावर आहे ते हौशी वाचकांनी आपापल्या घरचे अंक स्कॅन करून टाकलेलं. तमिळमध्ये शिवकाशीच्या मुत्तू आणि लायन कॉमिक्सनी जुन्या परदेशी चित्रकथा नव्या छपाईत चालू ठेवल्या. ऑस्ट्रेलियात फ्रू ही प्रकाशनसंस्था १९४८ पासून फँटम छापते आहे. मराठीत मात्र वेताळाची आठवण काढणारे पुष्कळ, निवडक पन्नास अंक नीट संपादून, भाषांतरकारांचा शोध घेऊन पुन्हा छापणारा प्रकाशक अजून पुढे आलेला नाही.

तोवर गठ्ठा उपसणाऱ्याने मुखपृष्ठ फाटलेला मराठी अंक बाजूला टाकू नये. किंमत आणि तारीख आतल्या छोट्या टायपात सापडू शकते, आणि कथा तर पहिल्याच चौकटीपासून सुरू झालेली असते.